फोर्ट कोचीला जायचं म्हणतेस तर

चि. सोनीस,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू "अप्पा, आम्ही फोर्ट कोचीला राहायला जायचं म्हणतोय" एवढं बोललीस आणि लगेच तुझी मीटिंग सुरू झाली, इकडं मी आणि तुझी आई एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसलो. आईचा पहिला प्रश्न, तिकडं केरळात ज्वारी मिळते का. दुसरा, चिमीच्या शाळेचं काय. तुझ्या काकाच्या कानावर गेलं तर तो म्हणाला पुण्यात स्वतःचा फ्लॅट आहे, दोघांच्या नोकऱ्या आहेत, मग परमुलखात जाऊन काय मासे धरायचेत का. त्याला मी काही बोललो नाही. पण तुझ्याशी बोलायचंय, आणि फोनवर तू "हो हो अप्पा, बरोबर" म्हणून विषय मिटवतेस, म्हणून हे मोबाईलवर एका बोटानं टाईप करतोय. लांबलंय. रविवारी सावकाश वाच, ऱ्हस्वदीर्घ बघत बसू नको.

आधीच सांगतो, माझा विरोध नाही. हिवाळ्यात तुम्ही तिथं घर भाड्यानं घेऊन राहिला होता आणि आम्हाला बोलावून घेतलं होतं तेव्हाच मला अंदाज आला होता, कारण जावईबापू संध्याकाळ झाली की लॅपटॉप मिटायचे, चपला घालायचे आणि नुसते चालत सुटायचे, चिमी त्यांच्या खांद्यावर. पुण्यात हा माणूस कोपऱ्यावर दूध आणायला पण गाडी काढतो हे मी डोळ्यानं बघितलंय.

तू म्हणतेस समुद्र आवडला. मला नाही तसं वाटत. समुद्र आहे, नाही असं नाही, पण तो किनारा काही पोहायच्या कामाचा नाही, वाळू कमी, दगड जास्त, आणि पावसाळ्यात खाडीतली जलपर्णी वाहत येऊन सगळी तिथंच साठते असं तो चहावाला सांगत होता. नुसता समुद्रच पाहिजे असता तर गुहागर आहे, मालवण आहे, आपलं बोलणं तिथं सगळ्यांना कळतं. तुम्हाला आवडलंय ते गाव. परेड ग्राउंडवर पोरं फुटबॉल खेळतायत, बाजूला ती भलीमोठी रेन ट्रीची झाडं, त्यांची सावली या फुटपाथपासून त्या फुटपाथपर्यंत, चर्चपासून मासे धरायच्या त्या चिनी जाळ्यांपर्यंत, जाळ्यांपासून बोटीच्या धक्क्यापर्यंत, सगळं पायी. आणि बोट धरून पलीकडं एर्नाकुलमला जायचं म्हणजे ट्रॅफिक नाही, हॉर्न नाही, तिकीट किरकोळ. आता तर ती बॅटरीवरची वॉटर मेट्रो पण आहे, २०२३ ला सुरू झाली ती, एसी, आणि फलाटावर थांबल्यासारखी धक्क्याला बरोबर टेकते. मी रेल्वेतला माणूस, मला ते फार आवडलं. बोट थांबताना पाणी वरखाली झालं तरी धक्का आपला बोटीच्या लेव्हललाच राहतोय, कारण धक्काच तरंगता केलाय. साधी गोष्ट आहे पण डोकं लावलंय.

आणि ते सेंट फ्रान्सिस चर्च. तू बाहेर फोनवर होतीस, मी आत बसलो होतो. पोर्तुगीजांनी १५०३ मध्ये आधी लाकडाचं बांधलं, मग दगडाचं. वास्को द गामा १५२४ मध्ये तिथंच कोचीत मेला आणि त्याला तिथंच पुरलं होतं, १५३९ मध्ये त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या, जागा मात्र अजून राखून ठेवलीय. लोक त्या जागेचे फोटो काढत होते. माझी नजर वरच्या पंख्यांवर गेली. लाकडी दांड्याला कापडाच्या लांब झालरी, त्यांना दोऱ्या, आणि त्या दोऱ्या भिंतीतनं बाहेर गेलेल्या, म्हणजे आत साहेबलोक प्रार्थना करणार आणि बाहेर उन्हात कुणीतरी दोरी ओढत बसणार. गाईड लोकांना गामा दाखवत होता, दोरी ओढणाऱ्याचं नाव कुठं लिहिलेलं नव्हतं. असो.

बंदराचीच गंमत बघ. १३४१ साली पेरियार नदीला मोठा पूर आला, त्यात मुझिरिसचं जुनं बंदर गाळानं बसलं आणि इकडं कोचीचं तोंड मोकळं झालं, असं मानतात. मग पोर्तुगीज आले, १६६३ ला डच आले, १७९५ ला इंग्रज. प्रत्येकानं आधीच्याचं थोडं पाडलं, थोडं ठेवलं. शेजारच्या मट्टनचेरीचा तो राजवाडा पोर्तुगीजांनी बांधून राजाला दिला, डचांनी दुरुस्त केला म्हणून नाव पडलं डच पॅलेस, आणि आत भिंतीवर रामायण! तुझी आई त्या चित्रांपुढून हलायला तयार नव्हती, आठवतं ना.

मला खरं जे भावलं ते मट्टनचेरीच. सकाळी लवकर बाजार रोडनं चालत निघालो तर एका गोदामातनं सुंठेचा वास, पुढच्यातनं मिरीचा, हमाल पोती टाकतायत, एक गुजराती शेठ पेढीवर बसलेला, पलीकडं जैन देरासर, मग कच्छी लोकांची घरं, मग ज्यू टाऊन. तिथलं परदेशी सिनेगॉग १५६८ चं आहे, खाली चिनी फरश्या, प्रत्येक फरशी हातानं रंगवलेली. ज्यू मात्र इस्राएलला निघून गेले, आता मोजके पण उरले नाहीत म्हणतात. वेळी नावाच्या भागाकडं धोबीघाटावर तमिळ बोलणारे परीट, त्यांच्या पूर्वजांना डचांनी सैनिकांचे कपडे धुवायला आणलेलं. आणि तिरुमला देवळाच्या बाहेर फुलं विकणारी बाई चक्क कोकणीत बोलत होती! आईनं मराठीत भाव विचारला, तिनं कोकणीत सांगितला, दोघींनी घासाघीस पण केली. पोर्तुगीजांच्या छळाला कंटाळून गोव्यातनं निघालेले सारस्वत तिथं जाऊन राहिले, त्याला चारशे वर्षांच्या वर झाली. डच गव्हर्नर व्हॅन ऱ्हीडनं मलबारच्या झाडपाल्यावर बारा खंडांचं पुस्तक केलं, हॉर्टस मलबारिकस, १६७८ ते १६९३ मध्ये ॲमस्टरडॅमला छापलं, त्यात इट्टी अच्युतन वैद्यांच्या बरोबरीनं रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तिघा कोकणी वैद्यांची मदत आहे, आणि त्यांनी दिलेला दाखला नागरी अक्षरात छापलाय. तेव्हा नागरीत छपाई कुणाला माहीत होती गं? काकाला सांग, परमुलूख परमुलूख म्हणतो तिथं आपली अक्षरं कधीची पोचलीत.

आणि असं मिसळलेलं गाव आपल्याला काय नवं आहे का. आजीच्या सोलापुरातल्या बाळीवेशीच्या घरी तू आजीशी कन्नडमधनं बोलायचीस, शेजारच्या पद्मशाली काकूंशी मोडकंतोडकं तेलुगू, शाळेत मराठी, आणि रिक्षावाल्याशी सोलापुरी उर्दू. पूर्व भागात माग चालू असला की खटखट ऐकून कुठलं घर ते कळायचं. गड्ड्याच्या यात्रेला सगळ्या जातीधर्माचे लोक नंदीध्वजाच्या वाटेवर उभे. तू पुण्याच्या त्या सोसायटीत राहायला गेलीस तेव्हापासून एकच म्हणतेस की इथं गावात राहिल्यासारखं वाटत नाही, लिफ्टमध्ये लोक मोबाईलात बघतात. मला वाटतंय, तुला फोर्ट कोचीत सापडलंय ते हेच. त्याला हेरिटेज म्हण नाहीतर काही म्हण.

पण आता दुसरी बाजू. ती पण ऐक.

जुनं गाव नुसतं जुनं आहे म्हणून जगत नाही. आपली जुनी मिल बघ, १८७७ ला उभी राहिली, अख्खं गाव तिच्या भोंग्यावर उठायचं, बंद पडली तशी त्या बाजूची रयाच गेली. कोचीचं बंदर पण आता फोर्ट कोचीत नाही. ब्रिस्टो नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं खाडी खोल करून निघालेल्या गाळाचं विलिंग्डन बेट उभं केलं, मोठी जहाजं तिकडं गेली, आणि कंटेनरवाली तर आणखी पलीकडं वल्लारपाडमला. ॲस्पिनवॉल कंपनीचा तो समुद्रावरचा जुना वाडा, तिथं पूर्वी मसाला, काथ्या, कॉफीचा व्यापार चालायचा, आता बिएनाले म्हणून चित्रं-शिल्पांचं मोठं प्रदर्शन भरतंय, २०१२ पासून. चांगलंच आहे, मला त्यातलं निम्मं कळलं नाही पण लोक लांबून लांबून येतात. फक्त असं होतंय की ज्या घरात कुटुंब राहायचं तिथं होमस्टे, ज्या गोदामात सुंठ होती तिथं कॉफी शॉप, आणि त्या गल्लीत जन्मलेल्या पोराला भाडं परवडत नाही म्हणून तो पूल ओलांडून लांब राहायला जातोय. आपल्या घरमालकाचा मुलगाच सांगत होता की. आणि पर्यटक नाहीत तर काय, ते २०२० मध्ये सगळ्यांनी बघितलंच.

म्हणून माझं म्हणणं असं की गेलात तर तिथं राहायला जा, सुट्टी लांबवायला जाऊ नका. मल्याळम शिका. चिमीला शिकावीच लागणार आहे, केरळात २०१७ च्या कायद्यानं दहावीपर्यंत मल्याळम सगळ्या शाळांत सक्तीची आहे, सीबीएसई असो नाहीतर आणखी काही. आई त्याला घाबरली. मी म्हणलं तुझ्या नातीच्या वयात तू तीन भाषा बोलत होतीस, चौथी तिला काय जड आहे. मोठ्यांनाच जड जाईल, जावईबापूंची तर कन्नडची अजून बोंब आहे.

आता घराचं. हे नीट वाच, कारण इथं तुझा बाप थोडा कामाचा आहे. सारी नोकरी रेल्वेच्या इमारती सांभाळणाऱ्या आयओडब्ल्यूच्या ऑफिसात गेली, इंग्रजांच्या काळातले दगडी क्वार्टर, चुन्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, हेच केलं. तू व्हॉट्सॲपवर त्या घराचे फोटो पाठवलेस ते मी झूम करून बघितले. तुला त्यात निळी खिडकी दिसली, मला खिडकीच्या खालची भिंत दिसली. कमरेइतक्या उंचीपर्यंत रंग फुगलाय आणि कडेला पांढरी पूड आलीय. ती मिठाची पूड आहे. जांभ्या दगडाची भिंत असते, खालून ओल चढते, बरोबर मीठ आणते, पाणी वाळलं की मीठ तिथंच बसतं आणि आतून गिलाव्याला ढकलतं, मग गिलावा कडक भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटून येतो. चुन्याचा गिलावा असला तर भिंतीला श्वास घेता येतो, ओल आली तशी जाते. पण लोक काय करतात, वरनं सिमेंट थापतात, त्यावर प्लॅस्टिक पेंट, दोन महिने चकाचक दिसतंय, मग आतली ओल आणखी वर चढते आणि वासे कुजायला लागतात. त्या घराला असंच केलंय. घरमालक म्हणेल पावसाच्या आधी रंग मारून देतो. रंग नको म्हणावं. गिलावा खरवडून चुना लावून देतो का विचार, नाहीतर भाडं कमी कर म्हणावं.

भिंत नखानं खरवडून बघ. वाशांच्या टोकाला, भिंतीत जिथं घुसतात तिथं, स्क्रू ड्रायव्हर टोचून बघ, लोण्यात गेल्यागत गेला तर त्या घरात राहायचं नाही, भाडं कितीही कमी असू दे. कौलं वरनं बघायला माणूस चढव. बिजागऱ्या, कड्या, खिडकीचे गज, सगळं गंजतं तिथल्या हवेत, तेव्हा पितळेचं असेल तर सोन्यासारखं जप आणि लोखंडाचं असेल तर किती खाल्लंय ते बघ. तुमचे लॅपटॉप, जावईबापूंचे ते स्पीकर, सगळ्यांना ती हवा बाधणार. कपाटात कपड्यांना बुरशी येते. आईच्या इरकली साड्या तिकडं न्यायच्या नाहीत, हे तिनंच सांगायला लावलंय.

आणि पाणी. तू हसशील, म्हणशील आपण सोलापूरची माणसं, तीन-चार दिवसाआड पाणी येतंय, पिंपं भरून ठेवण्यात हयात गेली, आम्हाला कोण पाणी शिकवणार. तरी विचार. चहूकडं पाणी असून तिथं पिण्याचं पाणी हे जुनं दुखणं आहे, विहिरी मचूळ, पूर्वी गोरे लोक आलुव्याहून होडीतनं पाणी आणून प्यायचे. आज नळ आहेत पण टोकाच्या गल्ल्यांना प्रेशर कमी असतं आणि टँकर बोलवावा लागतो. टाकी किती लिटरची, जमिनीखाली पाण्याचा संप आहे का, टँकर गल्लीत शिरतो का, हे तीन प्रश्न शेजारणीला विचार, मालकाला नको. आणि डास! त्याबद्दल काही लिहीत नाही, जावईबापूंच्या पायावरचे फोड आठव.

विकत घ्यायचा विषय मात्र आत्ता डोक्यातून काढून टाक. तू बोलली नाहीस पण मला माहितीय, तुझ्या मनात पुण्याचा फ्लॅट विकून तिथं एखादं जुनं घर घ्यायचं आहे. जुन्या भागाला हेरिटेजचे नियम, उंचीचं बंधन, दर्शनी भागाला हात लावायचा तर परवानगी, वर किनाऱ्याजवळच्या बांधकामाचे सीआरझेडचे नियम वेगळे. ते नियम मोडले म्हणून त्याच कोचीत, मरडूला, खाडीच्या काठावरचे चार मोठमोठे फ्लॅटचे प्रकल्प सुप्रीम कोर्टानं पाडायला लावले, २०२० च्या जानेवारीत, स्फोटकं लावून, दोन दिवसात भुईसपाट. टीव्हीवर आपण सगळ्यांनी बघितलं होतं. त्यात राहणाऱ्या लोकांनी रीतसर पैसे भरूनच घेतले होते की. जुन्या वाड्यांना तर वारसही डझनभर असतात, एक दुबईत, एक कॅनडात, एकाची सही राहिली की तू कोर्टात. तेव्हा आधी अकरा महिन्यांचा भाडेकरार, आणि तो करार जूनपासून चालू कर.

जूनपासून का ते सांगतो. तुम्ही बघितलंय ते डिसेंबरातलं कोची. कार्निव्हल, दिव्यांच्या माळा, एकतीस तारखेला त्या पाप्पांजी म्हाताऱ्याचा पुतळा जाळतात ती गर्दी, आणि हवा त्यातल्या त्यात बरी. ते कुणालाही आवडेल, काकाला पण आवडेल. तिथं एक जूनच्या आसपास मान्सून येतो आणि मग वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पडतो, आपल्याकडं कसाबसा पाच-सहाशे. जून-जुलैची झोडपणी झाली की ऑक्टोबर-नोव्हेंबरला पुन्हा दुपारनंतर गडगडाटाचा पाऊस. ट्रॉलरना त्याच काळात बंदी, जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत, म्हणजे धक्का पण सुना. २०१८ च्या पुरात तिथलं विमानतळ ऑगस्टमध्ये दोन आठवडे बंद होतं. दक्षिणेला जरा खाली चेल्लानमला समुद्र घरात घुसत होता म्हणून काँक्रीटच्या टेट्रापॉडची भिंत घातलीय. हे घाबरवायला लिहीत नाही. तुम्ही दोघं दिवसभर घरात बसून काम करणारी माणसं, कपडे वाळत नाहीत, चिमी बाहेर खेळायला जाऊ शकत नाही, वीज गेली, नेट गेलं, अशा जुलैतल्या एखाद्या मंगळवारी पण तुला वाटलं की हेच गाव, तर मग ते तुमचं गाव. मग घर घ्यायचं पण बोलू.

दवाखान्याचं पण बघून ठेव. मोठी हॉस्पिटलं सगळी पाण्याच्या पलीकडं. रात्री बोट नसते, तोप्पुंपडीच्या पुलावरनं फिरून जावं लागतं. रात्री अडीच वाजता चिमीला ताप आला तर कुठल्या रस्त्यानं, कुणाच्या गाडीनं, हे पहिल्या आठवड्यात ठरवून ठेव. शेजार चांगला असला तर निम्मं काम होतं.

शेजारावरनं आठवलं. त्या चिनी जाळ्यांवर एक म्हातारे होते, मला रोज हात करायचे. तू आणि आई फोटो काढून निघून जायचात, मी तिथंच बसायचो. एक जाळं चालवायला पाच-सहा माणसं लागतात. सागाचे मोठमोठे दांडे, बांबू, एका बाजूला जाळं आणि दुसऱ्या बाजूला दोरांना बांधून लोंबकळणारे दगड, वजन बरोबर तोललेलं. एक माणूस मुख्य दांड्यावरनं पुढं चालत गेला की तेवढ्या वजनानं अख्खं जाळं पाण्यात उतरतंय! मग थोडा वेळ थांबायचं, आणि सगळ्यांनी मिळून दोर ओढायचे, दगड एकेक करून खाली येऊन टेकतात आणि जाळं वर. मला वाटलं आता मासळीचा ढीग येणार. आली मूठभर, आणि एक खेकडा. म्हातारे हसले. त्यांना हिंदी थोडं येत होतं, मला मल्याळम शून्य, पण एवढं कळलं की लाकूड महाग झालंय, दोर महाग झालेत, मासा कमी झालाय, म्हणून आता काही ठिकाणी लोखंडी पाईप लावलेत आणि कमाई माशापेक्षा दोर ओढायला हौसेनं येणाऱ्या पर्यटकांकडनं जास्त होते. मी पण ओढला की दोर, पैसे घेतले नाहीत त्यांनी माझ्याकडनं. आपण मासे खात नाही हे सांगितलं तर त्यांना फार वाईट वाटलं माझ्यासाठी.

खायचं काय म्हणून आईची काळजी. अप्पम आणि कडला करी तिला आवडली, गुजराती गल्लीत शाकाहारी जेवण मिळतंय, खोबऱ्याच्या तेलाची फोडणी मात्र तिला अजून सोसत नाही. ज्वारीचं पीठ, शेंगाचटणी, काळा मसाला मी पार्सल करत जाईन, दमट हवेत पीठ लवकर खराब होतं म्हणून थोडं थोडं पाठवायचं असं आईनं आत्ताच मागून ओरडून सांगितलं.

आणि आमचं काय, हा प्रश्न तू विचारला नाहीस पण तुझ्या आवाजात होता. आमचं काही नाही. पुणे चार तासावर आहे म्हणून तू दर आठवड्याला येत होतीस का? सणावारी येतेस, तशीच तिकडनं येशील. सोलापूर स्टेशनात कन्याकुमारी एक्सप्रेस आहेच, जी पूर्वी मुंबईवरनं सुटायची, जुने लोक अजून तिला जयंती जनता म्हणतात, आता पुण्यावरनं सुटते. एकदा बसलो की एक दिवस एक रात्र काढायची आणि एर्नाकुलम टाऊनला उतरायचं. डब्यात बसून रेणीगुंट्याची इडली, मग पहाटे पालघाटची खिंड लागते आणि खिडकीबाहेर एकदम हिरवं होतंय. पासवर मला तिकीट पडत नाही, तुझी आई आत्तापासून म्हणतेय की सप्टेंबरात जाऊ, नको ऑगस्ट, छत्री धरून कोण फिरणार. इथं सध्या ऊन बेचाळीसच्या वर आहे, दुपारी कावळा पण दिसत नाही, त्यामुळं पावसाचं नुसतं नाव काढलं तरी तिला बरं वाटतंय.

पुण्याचा फ्लॅट विकू नका, भाड्यानं द्या. कंपनीकडनं कायमचं घरून काम करायचं लेखी घ्या दोघांनी पण, नुसतं मॅनेजरचं तोंडी आश्वासन नको, मॅनेजर बदलतात. काकाला मी समजावतो, त्याला डिसेंबरात तिकडं नेतो म्हणलं की गप्प बसेल.

कराराचा मसुदा सही करायच्या आधी मला पाठव. वीजमीटर कुणाच्या नावावर आहे, पावसात कौल फुटलं तर खर्च कुणाचा आणि डिपॉझिट किती दिवसात परत, ही तीन कलमं त्यात नसतील तर घालून घे. आणि त्या निळ्या खिडकीखालच्या भिंतीचा जवळनं, टॉर्च तिरका मारून, एक फोटो काढून पाठव, म्हणजे ओल किती वर चढलीय ते मला नीट दिसेल.

चिमीला पापा. जावईबापूंना नमस्कार सांग.

तुझा,
अप्पा